ग्रॅमसाहेब आणि पेट्रोलचा वास

व्हॅनमध्ये पेट्रोलचा वास येतो हे काकूंना कळत होतं, शेजाऱ्यांना कळत होतं, सिग्नलला बाजूला थांबणाऱ्या स्कूटरवाल्यांनासुद्धा कळत होतं. कळत नव्हतं ते फक्त व्हॅन चालवणाऱ्या ग्रॅमसाहेबांना. आणि त्याचं कारण असं, की ग्रॅमसाहेबांना मुळी कसलाच वास येत नव्हता.

आठ वर्षांपूर्वी त्यांना एक सणसणीत सर्दी झाली. सर्दी पंधरा दिवसांनी गेली ती वास बरोबर घेऊन गेली. त्यांनी महिनाभर वाट पाहिली, मग आणखी महिनाभर पाहिली, आणि मग सांगायची वेळच निघून गेली. ओळखीच्या माणसाचं नाव पहिल्या भेटीत विचारायचं राहून जातं आणि दहाव्या भेटीत ते विचारता येत नाही, त्यातलाच हा प्रकार. शिवाय माणूस पडला वजनमाप खात्यातला निरीक्षक. बत्तीस वर्षं त्यांनी बाजारातले काटे, लिटरची मापं आणि कापडवाल्यांच्या पट्ट्या तपासल्या. पाच ग्रॅमसाठी पंचनामा केला म्हणून बाजाराने त्यांना ग्रॅमसाहेब म्हणायला सुरुवात केली, आणि ते चिडवणं आहे हे कळूनही त्यांनी ते नाव पदवीसारखं मिरवलं. खात्याचा नियम असा, की तपासणीचं साधन बिघडलं तर त्यावर लाल चिठ्ठी डकवून ते वापरातून बाद करायचं. नाकावर लाल चिठ्ठी डकवून हिंडणं साहेबांना जमण्यासारखं नव्हतं. म्हणून त्यांनी चिठ्ठीऐवजी एक तत्त्व डकवलं.

"अहो, वास येतोय," काकू म्हणायच्या.

"किती?"

"किती म्हणजे? येतोय."

"वासाला एकक नाही. जे मोजता येत नाही त्यावर मी कारवाई काय करणार?"

"कारवाई नका करू. काच खाली करा."

व्हॅन एक्केचाळीस वर्षांची होती आणि तिचं इंजिन मागच्या बाजूला होतं. पूर्वी ती खात्याची होती. तिच्यातून पितळी वजनं गावोगाव फिरायची. पाच वर्षांपूर्वी साहेब निवृत्त झाले त्याच महिन्यात खात्याने तिचा लिलाव काढला, आणि आपण एकटेच निवृत्त होत नाही आहोत या भावनेने साहेब इतके भारावले की त्यांनी बोली लावली. दुसरी बोली आलीच नाही, ही गोष्ट ते सांगताना गाळतात.

आता काकूंचं म्हणणं काय होतं ते सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यावरच उभा आहे. काकूंची थोरली बहीण अठ्ठ्याहत्तर वर्षांची. आई लवकर गेल्यामुळे काकूंना तिनेच अंगाखांद्यावर वाढवलं. ती समुद्राकाठच्या एका लहान गावात राहायची. तिथे जायला दोन बस बदलाव्या लागत आणि काकूंच्या गुडघ्यांना एकच बस डोईजड होती. निवृत्तीनंतर व्हॅनने नेतो, असं साहेबांनी कबूल केलं होतं. पाच वर्षं झाली. गेल्या महिन्यात बहीण फोनवर म्हणाली, "येणार असलीस तर लवकर ये गं. डोळे विझत चाललेत. मला तुझं तोंड बघायचंय, नुसता आवाज नकोय."

काकूंनी फोन ठेवला, डोळे पुसले आणि साहेबांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी ताईकडे जाणार. गाडीतला वास गेला असेल तर तुमच्याबरोबर. नाहीतर बसने, एकटी. आणि परत आल्यावर ती व्हॅन मला दारात दिसता कामा नये."

दुधात साखर पडावी तसं त्याच आठवड्यात वाहन कार्यालयाचं पत्र आलं. तीस वर्षांवरच्या सर्व गाड्यांची महिनाअखेर इंधनगळती तपासणी, अन्यथा नोंदणी रद्द. म्हणजे बायको आणि सरकार दोघांनी एकच तारीख धरली. साहेबांनी सरकारशी आयुष्यभर जुळवून घेतलं होतं. बायकोचं जरा अवघड होतं.

पेट्रोलच्या रबरी नळ्या आपण स्वतः बदलायच्या, असं त्यांनी ठरवलं. मिस्त्रीकडे गाडी दिली तर तो पहिल्यांदा नाक लावून हुंगणार आणि मग "साहेब, तुम्हीच बघा ना" म्हणून त्यांना हुंगायला लावणार, ही खरी भीती. वरकरणी त्यांनी कारण दिलं की हल्ली मिस्त्री लोकांना अचूकतेची चाड उरलेली नाही.

साहेब व्हॅनच्या मागे उकिडवे बसले आणि दहा मिनिटांत इमारतीतले सल्ले खाली उतरू लागले. पहिले आले तिसऱ्या मजल्यावरचे रसायनवाले सर. त्यांनी चाळीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं आणि समोर कुणी बसलेलं दिसलं की त्यांना तास सुरू झाल्यासारखं वाटायचं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळतात, ते जुनं रबर आतून खातं, रबर आधी फुगतं, मग मऊ पडतं आणि शेवटी चिरतं, असं त्यांनी समजावलं. हे अगदी बरोबर होतं. पण बरोबर माहिती इतकी लांबण लावून दिली की ऐकणाऱ्याला ती खोटी वाटायला लागते. त्यांच्यामागून समोरच्या घरातले विमाकाका आले. त्यांचा सल्ला नेहमी एकच असायचा, आधी पॉलिसी बघा. तळमजल्यावरच्या वहिनींनी कपड्याचा साबण आणून दिला. त्यांच्या माहेरच्या ट्रकच्या टाकीची गळती साबण चोळून गेली अकरा वर्षं बंद होती म्हणे. ट्रक चालू होता की तोही बंदच होता, हे कुणी विचारलं नाही.

साहेबांनी सगळ्यांना हाताने थांबवलं आणि खिशातल्या पेटीतून जाडी मोजायचा व्हर्नियर काढला. हा व्हर्नियर म्हणजे निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी दिलेली भेट. मखमली पेटीतून बाहेर येताना तो नेहमी एकदा चमकायचा. साहेबांनी जुन्या नळीला व्हर्नियरचे जबडे लावले, डोळा बारीक केला आणि वहीत लिहिलं, बारा पूर्णांक शून्य मिलिमीटर. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा बाराच आलं. इंजिनाच्या जुन्या पुस्तकातल्या आकृतीत नळीचे सात तुकडे दाखवले होते. त्यांनी लांब्या बेरजेला घातल्या, खाली रेघ मारली आणि सही केली.

रबरी नळ्यांचं, म्हणजे होजचं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. छतापासून टांगलेल्या काळ्या, लाल, पारदर्शक नळ्यांच्या वेटोळ्यांमध्ये होजवाले शेठ बसले होते. साहेबांना पाहताच शेठ उठून उभे राहिले. हा आदर नव्हता. चौदा वर्षांपूर्वी याच दुकानातली मीटरपट्टी चार मिलिमीटर आखूड निघाली म्हणून साहेबांनी ती जप्त केली होती आणि शेठना भर बाजारातून पट्टी हातात धरून कचेरीपर्यंत चालत नेलं होतं.

"बारा मिलिमीटर पेट्रोलची होज द्या," साहेब म्हणाले. "तीन मीटर."

"बारा?"

"बारा पूर्णांक शून्य."

शेठ क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांच्या ओठांवर काहीतरी येऊन परत गेलं. "साहेबांनी मोजलंय म्हणजे बाराच असणार," ते म्हणाले, आणि त्यांनी तीन मीटर होज मोजून दिली. वर वीतभर जास्तच दिली. "त्या दिवसापासून मी माप थोडं वरच ठेवतो," असंही म्हणाले.

घरी येऊन साहेबांनी पहिला तुकडा कापून टाकीच्या धातूच्या नळकांड्यावर चढवला. तो सरकन चढला, सरकन उतरला आणि मधल्या वेळात गोल फिरला. थोरल्या भावाची पँट घालून शाळेत गेलेल्या पोरासारखं ते नळकांडं दिसत होतं. साहेबांनी क्लिप आवळून पाहिली. रबराला चुण्या पडल्या, पण पकड काही येईना. रसायनवाले सर वरून गॅलरीतून म्हणाले, "आतला व्यास मोजलात ना?"

साहेबांनी व्हर्नियर पेटीत ठेवून दिला. होज आतल्या मापाने विकतात हे जगातल्या प्रत्येक होजवाल्याला, मिस्त्रीला आणि बागेत पाणी घालणाऱ्या माणसाला ठाऊक असतं. बत्तीस वर्षं मापं तपासलेल्या माणसाने मात्र बाहेरचं मोजलं, तेसुद्धा फुगलेल्या रबराचं, तेसुद्धा दशांशापर्यंत अचूक. चूक इतकी काटेकोर होती की तिच्यात खोट काढायला जागा नव्हती.

पुन्हा दुकानात जाणं आलं. साहेब दोनदा दुकानावरून पुढे निघून गेले आणि तिसऱ्यांदा आत शिरले. शेठ वाट बघतच होते. त्यांनी काउंटरवर सात मिलिमीटरची होज आधीच काढून ठेवली होती.

"सांगायचं नाही का मला त्याच वेळी," साहेब म्हणाले.

"साहेब, तुमचं माप चुकीचं आहे असं मी म्हणायचं? मी?" शेठनी दोन्ही कानांना हात लावले. पण त्यांचा चेहरा चौदा वर्षांत इतका ताजातवाना कधी दिसला नसेल. चहा मागवून झाल्यावर मात्र ते खरोखरच कामाचं बोलले. "ही नव्या पेट्रोलला चालणारी आहे, हिच्यावर तसं छापलेलं असतं ते बघून घ्या. साधी होज घातलीत तर वर्षभरात पुन्हा गळेल. क्लिपा या गोल कडेच्या घ्या, पत्र्याच्या घेतल्यात तर रबर कापतील. आणि तुमच्या गाडीला आठ तुकडे लागतात."

"सात."

"आठ, साहेब."

"पुस्तकात सात आहेत," साहेब म्हणाले. एका दिवसात दोनदा हार मानणं त्यांच्या प्रकृतीला मानवण्यासारखं नव्हतं. शेठनी खांदे उडवले आणि तरीही आठ तुकड्यांना पुरेल इतकी होज बांधून दिली.

जुन्या नळ्या काढायच्या म्हणजे टाकीतलं पेट्रोल आधी काढायला हवं. साहेबांनी ते दोन डब्यांत काढलं आणि डब्यांवर तारीख, वेळ आणि लिटर लिहिलेली कागदं चिकटवली. ही शिस्तच नडली. डब्यांवर काही लिहिलं नसतं तर वॉचमनचं लक्ष गेलं नसतं. "पेट्रोल, अठरा लिटर" असं ठळक अक्षरात वाचल्यावर त्याने सेक्रेटरींना बोलावलं. सेक्रेटरींनी वाकून डबे वाचले, सरळ होऊन साहेबांना वाचलं आणि म्हणाले, "वाहनतळात ज्वालाग्राही साठा करायचा तर अर्ज लागेल."

"साठा नाही हो. दोन तासांत परत टाकीत भरणार."

"मग तात्पुरत्या साठ्याचा अर्ज."

अर्जाचा नमुना सेक्रेटरींकडेही नव्हता. तो साहेबांनीच तयार करून द्यावा, त्यावर समिती विचार करेल, तोवर डबे आणि गाडी दोन्ही आवाराबाहेर असावेत, असं ठरलं. मग विमाकाका, वॉचमन आणि स्वतः सेक्रेटरी यांनी मिळून व्हॅन ढकलत फाटकाबाहेरच्या मोकळ्या जागेत नेली. डबे दोन्ही हातांत धरून साहेब मागून चालले. ज्या माणसाने अर्ध्या बाजाराला हातात पुरावा धरून चालायला लावलं, त्याच्यावर ही वेळ यावी याचं त्यांना फार वाईट वाटलं. आणि हे दृश्य बघायला शेठ तिथे नव्हते याचं बरंही वाटलं.

काम मात्र त्यांनी मन लावून केलं. दोन दिवस ते व्हॅनखाली पडून होते. एक जुनी नळी हातात येताच तिचा भुगा झाला, दुसरीला बोटभर चीर होती आणि ती चीर बरोबर इंजिनाच्या गरम भागावर येत होती. गेलं वर्षभर काकू त्या चिरेच्या पुढे पाच फुटांवर बसून काच खाली करा म्हणत होत्या आणि आपण त्यांना एकक विचारत होतो, एवढं त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी त्या दिवशी क्लिपा जरा जास्तच आवळल्या.

सात तुकडे बसले आणि पेट्रोल परत टाकीत गेलं. आता गळती नाही हे सिद्ध करायचं होतं, आणि तेसुद्धा नाकाशिवाय. साहेबांनी प्रत्येक सांध्याखाली एकेक टिपकागद ठेवला, त्यावर क्रमांक घातले आणि चोवीस तासांनी पाहिलं. सातही कागद कोरडे ठणठणीत. त्यांनी ते काकूंपुढे पत्त्यांसारखे मांडले.

"बघ. गळती शून्य."

काकू व्हॅनचं दार उघडून आत बसल्या. दोन मिनिटांनी बाहेर आल्या.

"येतोय."

"अगं, कागद कोरडे आहेत."

"असतील. पण वास येतोय. पूर्वीपेक्षा कमी आहे, पण येतोय."

"कमी म्हणजे किती?"

काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की साहेबांनी कागद गोळा केले. तरी त्यांनी हार मानली नाही, शेजाऱ्यांची साक्ष काढली. रसायनवाले सर आत बसले आणि म्हणाले, थोडा आहे, पण तो जुन्या गादीत मुरलेला असावा. विमाकाका म्हणाले, अजिबात नाही. मग त्यांनी पॉलिसीचा विषय काढला. तळमजल्यावरच्या वहिनींना फक्त त्यांच्या साबणाचा वास आला आणि तो आवडलाही. तीन नाकं आणि तीन निकाल. साहेबांच्या खात्यात असे तीन काटे सापडले असते तर त्यांनी तिन्ही जप्त केले असते. शेवटी त्यांनी मनाशी धरलं की कागद खरे, गादी दोषी आणि काकू संशयी.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. वाहन कार्यालयाचं आवार बसस्थानकाच्या समोरच होतं, त्यामुळे काकूंनी बॅग भरून बरोबरच घेतली. गाडी पास झाली तर तिथूनच पुढे, नाहीतर रस्ता ओलांडून बस. तीन तासांच्या वाटेनंतर बहीण दारात उभी राहणार होती, तिला तसा निरोपही गेला होता. काकू व्हॅनमध्ये मागे बसल्या, काच पूर्ण खाली करून आणि बॅग मांडीवर घेऊन. साहेबांनी आरशातून पाहिलं. बायको प्रवासाला निघाल्यासारखी दिसत नव्हती, साक्ष द्यायला निघाल्यासारखी दिसत होती.

तपासणीच्या खिडकीवर एक कारकून आणि एक निरीक्षकबाई होत्या. कारकुनाने चार पानी अर्ज दिला. साहेबांना अर्ज भरायला मनापासून आवडायचं. नळीचा आतला व्यास, लांबी, क्लिपांची संख्या, बदलल्याची तारीख, सगळं त्यांनी टपोऱ्या अक्षरात भरलं. टिपकागदांचा स्वतंत्र तक्ता जोडला. निरीक्षकबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि असा अर्ज आपण पहिल्यांदाच बघतोय असं म्हणाल्या. साहेब खुलले. मग साहेबांनी शेवटचं पान उलटलं. तिथे छापलं होतं, "गाडीच्या आत बसून, दारे व काचा बंद करून, मी स्वतः वास घेतला असून इंधनाचा वास येत नसल्याची खात्री केली आहे." खाली सहीची जागा.

साहेबांनी पेन टेकवलं आणि उचललं.

"करा की सही," कारकून म्हणाला. "सगळे करतात."

"सगळे वास घेतात?"

"सगळे सही करतात."

मागच्या रांगेतल्या एका टेम्पोवाल्याने घड्याळ पाहिलं. खिडकी बंद व्हायला चाळीस मिनिटं होती. साहेबांनी पुन्हा पेन टेकवलं. बत्तीस वर्षांत हजारो कागदांवर त्यांनी सही केली होती आणि स्वतः तपासलं नाही अशा एकाही काट्यावर नाही. त्यांच्याजवळ मिरवण्यासारखं तेवढंच होतं, पेन्शन सोडली तर. सही केली तर बायकोला त्या गाडीत बसवून तीन तास न्यायचं, आणि मागे कुठे काय पाझरतंय हे आपल्याला कळणारही नाही. नाही केली तर ती बस पकडणार आणि गाडी भंगारात. त्यांनी पेन पुन्हा उचललं.

"काय झालं?" काकू बॅग घेऊन जवळ येऊन उभ्या राहिल्या होत्या. "पेन चालत नाही का?"

"पेन चालतंय," साहेब म्हणाले. मग काकूंकडे न बघता, खिडकीच्या लोखंडी गजाला उद्देशून, त्यांनी सांगितलं. "मला वास येत नाही."

"गेला ना? मग तेच लिहा की."

"पेट्रोलचा नव्हे. कसलाच येत नाही मला. नाक गेलंय."

कारकुनाने टंकलेखन थांबवलं. टेम्पोवाला घड्याळ विसरला.

"कधीपासून?" काकूंनी विचारलं.

"आठ वर्षं आणि दोन महिने."

काकूंच्या चेहऱ्यावर राग आला, मग तो कुठे ठेवावा हे न कळल्यासारखा तसाच राहिला. "आणि मग रोज पानावर बसताना म्हणता ते? वास काय छान सुटलाय म्हणून?"

साहेबांनी मान खाली घातली. "ते अंदाजे."

वजनमाप खात्याच्या माणसाच्या तोंडून हा शब्द आलेला काकूंनी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला. त्यांनी बॅग खाली ठेवली. "आठ वर्षं मी एकटी वास घेतेय या घरात," त्या म्हणाल्या, "आणि मला पत्ता नाही." मग त्यांनी नाक ओढलं, रुमाल कमरेला खोचला आणि व्हॅनकडे चालू लागल्या. "या इकडे. पाने-पक्कड घेऊन या."

त्यांनी सगळ्या काचा बंद करायला लावल्या आणि आत शिरल्या. दुखऱ्या गुडघ्यांवर बसून त्यांनी मागच्या सीटपासून सुरुवात केली. टेम्पोवाला, कारकून आणि निरीक्षकबाई काचेतून बघत होते. "इथे नाही... इथे नाही... इथे थोडा... थांबा. इथे. ही चटई उचला." चटईखाली पत्र्याचं एक गोल झाकण निघालं. साहेबांनी ते उघडलं. टाकीच्या खांद्यावरून वर चढणारी एक आखूड नळी तिथे होती, टाकीला हवा घेता यावी म्हणून ठेवलेली. रबर तडकून त्याला जाळी पडली होती. तिच्यातून पेट्रोल वाहतच नव्हतं, नुसती वाफ निघत होती, म्हणून कागद कोरडे होते. पुस्तकात ती दाखवलेली नव्हती. शेठना मात्र ठाऊक होती.

"आठ," साहेब पुटपुटले.

इंजिन निवेपर्यंत ते थांबले. तोवर खिडकी बंद व्हायला पंधरा मिनिटं उरली. शेठनी बांधून दिलेल्या होजमधला गाडीतच उरलेला शेवटचा तुकडा साहेबांनी कापला, काकूंनी क्लिप धरली, साहेबांनी आवळली. झाकण लावलं, वारं खेळू दिलं, काचा पुन्हा बंद केल्या. काकू आत बसल्या. एक मिनिट, दोन, पाच. साहेब बाहेर काचेला नाक लावून उभे होते, ज्याचा काही उपयोग नव्हता.

काकूंनी दार उघडलं. "नाही येत."

"नक्की?"

"शून्य," काकू म्हणाल्या.

खिडकीवर नवा पेच आला. अर्जात "स्वतः" छापलं होतं, आणि अर्जदाराऐवजी दुसऱ्याने वास घेण्याचा रकाना नव्हता. तसा नियम नाही, असं कारकून म्हणाला. तसा नियम नाही म्हणजे मनाईचाही नाही, असं साहेब म्हणाले. हा युक्तिवाद ते आयुष्यभर ऐकत आले होते आणि त्यावर दंड करत आले होते. निरीक्षकबाई स्वतः जाऊन व्हॅनमध्ये बसून आल्या. मग त्यांनी पेन घेतलं, "स्वतः" हा शब्द खोडला आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, "पत्नीमार्फत". खाली दोघांच्या सह्या घेतल्या. काकूंनी सही करायला चष्मा लावला आणि आधी चारही पानं वाचली. टेम्पोवाल्याने या वेळी घड्याळ पाहिलं नाही.

बॅग मागे गेली आणि काकू पुढे बसल्या. गाडी गावाबाहेर पडली. मग लाकडाची वखार आली आणि काकू रस्त्याकडे बघतच म्हणाल्या, "कापलेल्या लाकडाचा येतोय. ताजा आहे." थोडं पुढे गेल्यावर म्हणाल्या, "बेकरी. पाव आत्ताच बाहेर काढलेत." साहेब नुसतं हं म्हणाले. मग बराच वेळ काही आलं नाही, आणि मग साबणाचा कारखाना आला, आणि तळमजल्यावरच्या वहिनींची आठवण निघून दोघंही हसले. साहेबांनी गाडीचा वेग जरा कमी केला. आठ वर्षांचं साठलेलं होतं, त्यांना घाई नव्हती.

एका वळणावर काकू एकदम गप्प झाल्या.

"आता कसला?" साहेबांनी विचारलं.

"फुलांचा," त्या म्हणाल्या. "बाग असावी जवळ. छान सुटलाय."

साहेबांनी डावीकडे पाहिलं. शहराचा सगळा कचरा तिथे डोंगरासारखा ओतलेला होता आणि वर घारी फिरत होत्या. त्यांनी बाजूला पाहिलं. काकूंनी रुमाल नाकावर घट्ट दाबून धरला होता आणि समोर रस्त्याकडे बघत होत्या.

"वा," साहेब म्हणाले, आणि बत्तीस वर्षांच्या नोकरीत व पाच वर्षांच्या पेन्शनीत पहिल्यांदाच त्यांनी डोळ्यांदेखत चुकलेलं माप तसंच पुढे जाऊ दिलं.